साडेचारची वेळ

१ सप्टेंबर, रविवार

पोचले. गाडी दोन तास उशिरा आली तरी मन प्रसन्न आहे, कारण खोली छान आहे. दर्पण कॉलनीतलं दुमजली घर, वरची खोली माझी, पुढे गच्ची, आणि गच्चीवरून लांबवर किल्ल्याची कड दिसते. ई-रिक्षावाल्याने माझ्या तीन पेट्या बघून आत काय आहे ते विचारलं. डास पकडायचे सापळे, म्हटलं. त्यावर तो म्हणाला की मॅडम, त्यासाठी अकोल्याहून कशाला आलात, आमच्या मोहल्ल्यात या, पोतं भरून देतो. घर येईपर्यंत तो स्वतःच्याच विनोदावर हसत होता. मीही हसले.

घर शितोळ्यांचं. दिनकरराव पोस्टातून निवृत्त झालेत. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले ही हकीकत ते अशी सांगतात, जणू मागच्याच आठवड्यात सामान उतरवलंय. त्यांच्या पत्नी इंदुताई. मुलगा उत्कर्ष गुडगावला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. सून गरिमा इथेच असते, तिला सातवा लागलाय. घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत चढतं आणि हिंदीत उतरतं. इंदुताई मला दारातच म्हणाल्या, "जरा रुक बेटा, चाय घेऊनच वरती जा, सामान कुठे भागून नाही चाललं."

पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी सगळं काढून घेतलं. नाव सीमंतिनी, वय एकतीस, लग्न नाही, वडील लहानपणीच गेले, आई मागच्या ऑगस्टमध्ये. कशाने, असं विचारलं. डेंगीने, म्हटलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला काही वाटलं नाही. आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी कधी रडते याची सगळे वाट बघत होते आणि मी तेराव्याला किती पानं वाढायची ते मोजत होते. तिची एक सुती साडी तेवढी सोबत आणली आहे. रोज तीच पांघरून झोपते. वर्ष झालं, धुतलेली नाही. आईचा वास केव्हाच उडाला, आता तिला माझाच वास येत असणार.

३ सप्टेंबर, मंगळवार

आमचं कीटकगृह कंपू नावाच्या भागात आहे, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. घरापासून चार-पाच किलोमीटर. मी ऑफिसच्या स्कूटरवरून जाते. वाटेत पडाव आणि मग फूलबाग लागतं, तिथे सकाळी फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांची गर्दी असते.

काम सांगायला सोपं आहे. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, डेंगी पसरवणारा जो डास, तो जन्मल्या जागेपासून किती लांब जातो ते मोजायचं. त्यासाठी निरोगी माद्या पिंजऱ्यात वाढवायच्या, रक्त फक्त मादीच पिते, म्हणून माद्याच. त्यांच्यावर चमकणारी गुलाबी पूड भुरभुरायची आणि एका जागेवरून सोडायच्या. मग भोवताली वर्तुळाकार लावलेल्या सापळ्यांत कुठे किती गुलाबी सापडतात ते बघायचं. पूड डोळ्यांना दिसत नाही, जांभळ्या उजेडाच्या बॅटरीखाली मात्र निखाऱ्यासारखी पेटते. पुस्तकात उत्तर आहेच. हा डास आळशी. शंभर मीटर, फार तर दोनशे. आयुष्य दोन-तीन आठवडे, महिना म्हणजे डोक्यावरून पाणी.

हाताखाली जगदेवराव आहेत. हाताखाली म्हणायचं आपलं. तीस वर्षं डास पकडतात, तोंडाने ओढायच्या काचेच्या नळीने भिंतीवरचा डास असा उचलतात की डासालाही कळू नये. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, मॅडम, नळी जोरात नाही ओढायची, नाश्ता होऊन जाईल.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज गौरी आल्या. इंदुताई सकाळपासून मुखवटे, साड्या, फराळ यांत बुडालेल्या. गरिमाला पाठीने बेजार केलंय, तिला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. तरी मखर तिनेच सजवलं.

कीटकगृहात मात्र पंचाईत. रक्त पाजायचं यंत्र बंद पडलं. त्यात बकरीचं रक्त कोमट करून पातळ पडद्याआडून देतात. सुटा भाग यायला आठ दिवस लागणार, आणि सोळा तारखेला सहाशे माद्या सोडायच्या आहेत. उपाशी ठेवल्या तर निम्म्या मरतील. जगदेवराव गौरींसाठी रजेवर. म्हणून मीच पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून हात आत घातला. डावा, म्हणजे उजव्याने नोंदी करता येतात. नियमात बसत नाही, पण आमच्या धंद्यात प्रत्येकाने कधी ना कधी हे केलेलं असतं आणि कुणी लिहीत नाही.

वेळ साडेचार. दुपार उतरली की ह्यांना भूक लागते. दोन मिनिटांत मनगट ते कोपर काळं झालं. घरी येईपर्यंत खाजवून खाजवून जीव नकोसा झाला. जेवताना इंदुताईंनी हात बघितला आणि तुळशीचा रस चोळला, वर मला वेडी म्हणाल्या.

१५ सप्टेंबर, रविवार

रोज साडेचारला हात देते आहे. आता खाज येत नाही. गाठीही उठत नाहीत. वारंवार चावल्यावर शरीराला सवय होते, हे वाचलेलं होतं. अनुभवायला गंमत वाटते. डासही शहाणे झालेत. मी खोलीत शिरले की पिंजऱ्यातल्या सगळ्या दाराकडच्या जाळीवर येऊन बसतात. उद्यापासून त्या मोकळ्या.

इंदुताईंनी आज एक जुनी मऊ साडी मागितली. बाळासाठी नवं आधी काही आणायचं नाही, पण जुन्या साड्यांची गोधडी चालते, आणि ती पाच घरच्या बायकांनी वापरून मऊ केलेल्या साड्यांची हवी. चार मिळाल्या. पितृपंधरवडा संपला की टाके घालणार आहेत. माझ्याकडे जुनी म्हणजे एकच. बघू, म्हटलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सोळाला सहाशे सोडल्या, कंपूत, बंगल्याच्या आवारातून. चाळीस सापळे वर्तुळात लावलेत. तीन दिवस झाले, एकही गुलाबी नाही. निदान साठ-सत्तर तरी यायला हव्या होत्या. जगदेवराव म्हणतात, हवा लागली असेल, धीर धरा.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन सापळे मी मुद्दाम खूप लांब ठेवले होते, जिथे काही सापडूच नये म्हणून. एक फूलबागेजवळच्या ओळखीच्या घरी, एक माझ्या गच्चीत. आज फूलबागेच्या सापळ्यात एकोणीस गुलाबी निघाल्या. मी तीनदा बॅटरी मारून बघितली.

स्कूटरला चिकटून गेल्या असतील. डास गाड्यांतून प्रवास करतात, हे नवीन नाही. पण एकोणीस?

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी खाली चहा घेताना गरिमा एकदम किंचाळली. मी उकळत्या चहाचा स्टीलचा पेला डाव्या हातात घट्ट धरून दिनकररावांशी गप्पा मारत होते. तळव्याला रुपयाएवढा फोड आलाय. मला कळलंच नाही. दुखतही नाही. गरिमा म्हणाली, "दीदी, तुम्हाला काही होतं की नाही कधी?" चेष्टेत म्हणाली. दिनकरराव म्हणाले, पोस्टात एक शिक्का मारणारा होता, त्याचाही हात असाच झाला होता, त्याला पुढे पोस्टमास्तर केलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

नकाशा भिंतीवर लावला आणि टाचण्या टोचल्या. मधेमधे आणखी सहा सापळे ठेवून बघितले होते. टाचण्यांचं वर्तुळ व्हायला हवं होतं. झाली रेघ. कंपू, फूलबाग, पडाव, दर्पण कॉलनी. वळणं धरून. फूलबागेनंतर मी एका मेडिकलसाठी आतल्या गल्लीतून जाते. टाचण्याही आतल्या गल्लीतून गेल्या आहेत.

गच्चीतल्या सापळ्यात आज चौतीस होत्या.

जगदेवराव बराच वेळ नकाशाकडे बघत उभे राहिले. मग विचारलं की यंत्र बंद होतं त्या आठवड्यात ह्यांना पाजलं कुणी. मी डावा हात वर केला. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, त्यांचे उस्ताद सांगायचे, ठेवायच्या आहेत त्यांना खुशाल आपलं रक्त पाज, पण ज्यांना सोडायचं त्यांना कधी नाही. का, विचारलं. का ते उस्तादांनी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. मी टाचण्यांची नोंद पूर्ण केली.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी पडदे ओढून खोली काळीकुट्ट केली, आरशासमोर उभी राहिले आणि बॅटरी स्वतःवर मारली.

डावा हात बोटांपासून खांद्यापर्यंत गुलाबी. ठिपक्याला ठिपका लागून. खांद्यावरून मानेवर, कानामागे, पाठीवर जिथवर आरशात दिसलं तिथवर. उजव्या हातावर तुरळक. जिथे जिथे बसल्या तिथे पूड राहिली. किती बसल्या असतील आणि किती दिवस? मला एकही कळली नाही. टाचणी घेऊन दंडाला टोचून बघितली. रक्त आलं, बाकी काही नाही.

आंघोळ केली. पुन्हा बॅटरी मारली नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

एक गोष्ट बरी आहे. खाली एकही गुलाबी नाही. गरिमाच्या खोलीत, स्वयंपाकघरात, देवघरात रोज बॅटरी मारते, स्वच्छ. त्यांना मीच हवी आहे. निरोगी वाढवलेल्या आहेत, रोग नाही त्यांच्यात. चावून चावून काय करतील. गरिमाला आणि बाळाला धक्का नाही, एवढं पुरे. दाराला जाळी ठोकली आणि रोज चाळीसेक नळीने पकडते आहे. बाई इतक्या कामसू आहेत की वरून रोज ठोकाठोक ऐकू येते, असं दिनकरराव शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत होते.

गरिमाने आज माझा हात ओढून पोटावर ठेवला, बाळ लाथा मारत होतं. मी डावा काढून उजवा ठेवला. चांगली सणसणीत लाथ बसली. मला हसू आलं. वर्षात पहिल्यांदा काहीतरी आत हललं, खरंच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घट बसले. पाणी साठवू नका म्हणून मी महिनाभर कानीकपाळी ओरडते आहे, पण घट नऊ दिवस हलवायचा नसतो, तेव्हा त्याच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधायची परवानगी मिळवली.

सकाळीच आईची साडी इंदुताईंना दिली. त्या लाथेनंतर ठरवलंच होतं. धुतलेली नाही, हे सांगितलं. त्यांना का ते विचारावं लागलं नाही. म्हणाल्या, नको धुऊ बेटा, फक्त धूप दाखवते. लगेच उन्हात टाकली आणि दुपारी गोधडीच्या सर्वांत वरच्या थरात, बाळाच्या अंगाला लागेल तिथे, घेतली. मला बरं वाटलं. आईला नातवंड बघायचं होतं.

चारपासून ताप. डोळ्यांच्या मागे ठणका. हा मला ओळखीचा आहे, आईच्या उशाशी बसून पाठ झालेला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

डेंगीच. रिपोर्ट आला. ह्या गुलाबींनी नाही दिला, त्यांच्यात नव्हता. गल्लीतला कुणीतरी साधा डास, तो चावलेलाही मला कळला नसणार.

पण आता तो माझ्या रक्तात आहे आणि त्या माझं रक्त पितात. काल आणि आज किती प्यायल्या असतील. जगदेवरावांनी बोटांवर मोजलं, मीही मोजलं, हिशोब दोघांनाही पाठ. प्यायल्यापासून डासाच्या अंगात विषाणू तयार व्हायला आठ ते दहा दिवस. म्हणजे दसरा. दसऱ्यानंतर ह्यांतली एक जरी गरिमाला चावली, तर तिला आठव्या महिन्यात डेंगी.

ह्या घरात मी राहायची नाही. मी जिथे जाईन तिथे त्या येतील. आज संध्याकाळीच कंपूत, कीटकगृहाशेजारच्या खोलीत जाते आहे. इंदुताई रडल्या, आजारी माणसाला घराबाहेर कसं काढायचं म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं नाही. निम्मं सांगितलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

कंपू. ताप एकशे तीन. पलंगाभोवती आठ सापळे. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत, या म्हणावं. साडेचारला डावा हात खिडकीबाहेर धरून बसले. जगदेवराव नळी घेऊन शेजारी.

एकही नाही. वाट लांबची आहे. येतील.

६ ऑक्टोबर, रविवार

कुणी आलं नाही.

गरिमाचा मेसेज. हसरे चेहरे टाकलेत. तुमच्या आईंच्या साडीची गोधडी अर्धीच झालीये पण मी पाठीखाली घेऊन झोपते, जादू आहे दीदी, दर्द एकदम गायब. वाचून छान वाटलं. आईच्या हाताला गुण होताच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

ताप उतरला, प्लेटलेट पडल्या. अठ्ठावीस हजार. उठायचं नाही अशी ताकीद आहे. जगदेवराव खिचडी आणतात. कंपू शून्य, फूलबाग शून्य, पडाव शून्य. सगळ्या मेल्या असतील, असं मी म्हटलं. बावीस दिवस झाले, वय झालं त्यांचं. नकाशावरच्या रेघेचं एक टोक जगदेवरावांनी बोटाने दाबून धरलं होतं. दर्पण कॉलनीचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

गरिमाचा फोन. सासूबाईंची गंमत सांगत होती. गोधडीला टाके घालता घालता सुई बोटात आरपार गेली, कापडावर रक्त सांडलं, तरी यांचं आपलं आरती म्हणत टाके चालूच. तिनेच ओरडून थांबवलं. इंदुताई म्हणाल्या, अगं मालूमच नाही पडलं.

गरिमा खूप हसली. फोन ठेवला.

मग सगळं एका जागी आलं. साडी. वर्षभर माझ्या अंगावरची, न धुतलेली. त्या मला शोधत नव्हत्याच, माझा वास शोधत होत्या. मी इथे आले आणि वास तिथेच ठेवून आले. बाळाच्या अंगाला लागेल तिथे.

लगेच फोन केला. गोधडी जाळा, म्हटलं. इंदुताईंना वाटलं मी तापात बडबडते आहे. आईची साडी कुणी जाळतं का, म्हणाल्या. मग मी ओरडले तेव्हा गच्चीत टाकते म्हणाल्या.

१० ऑक्टोबर, गुरुवार

जगदेवराव बघून आले. गोधडी काल गच्चीत टाकली होती खरी. पण गरिमा जाऊन परत घेऊन आली, तिच्याशिवाय झोप नाही म्हणे. जगदेवरावांनी ती स्वतः नेऊन गल्लीच्या तोंडाशी जाळली. इंदुताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

गरिमाच्या खोलीत दिवसभर लावून दोन सापळे भरून आणलेत. मी पलंगावर बसून मोजले. आजवरचे सगळे मिळून सातशे चौदा गुलाबी. सोडल्या होत्या सहाशे. बेरीज पुन्हा केली. सातशे चौदा. पूड पोटच्या पिल्लांना लागत नाही. बेरीज पुन्हा —

११ ऑक्टोबर, शुक्रवार

बत्तीस हजार. उठू देत नाहीत.

उत्कर्ष आलाय घरी, हे चांगलं. गरिमाला ताप नाही, फोनवर विचारलं. तिला दिल्लीला घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला दसरा होऊ दे.

गोधडी जळाली. पण आठवडाभर ती तिच्यावर झोपली आहे. वास आता तिच्या —

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

उठून आले. जगदेवरावांच्या स्कूटरवर, त्यांना धरून. साडेतीनला पोचले.

ताप नाही तिला. थर्मामीटर दोनदा लावला. हात गार, चेहरा शांत. मला वाटलं, वाचलो.

पडदे ओढले. बॅटरी मारली. पाठ. मांड्या. पोट — पोटावर जागाच नाही. सगळं गुलाबी. एखाद्या गोळ्यासारखं उजळलेलं. तिने स्वतः वाकून बघितलं आणि किती सुंदर दिसतं आहे म्हणाली. खाजवत नाही का, विचारलं. नाही, काहीच नाही होत, म्हणाली.

काहीच म्हणजे?

मग मी विचारलं, बाळ हलतंय ना. म्हणाली, "मालूम नाही दीदी. परवापासून मला काही जाणवतच नाही." आवाज नेहमीसारखा. माझ्यासारखा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. लगेच आणा म्हणाल्या. उत्कर्ष आणि दिनकरराव दसऱ्याचं सोनं द्यायला लष्कर भागातल्या नातेवाइकांकडे गेलेत, गाडी त्यांच्याकडे, मिरवणुकीने रस्ते बंद. जगदेवराव रिक्षा बघायला धावलेत. बाई म्हणाल्या, तोवर कुणीतरी पोटावर हात ठेवून बसा आणि हललं की रेघ मारा. वेळ लिहा.

वही हीच होती हाताशी.

३.५०. इंदुताईंनी हात ठेवला. हललं म्हणाल्या. त्यांच्या बोटांना सुईची भोकं आहेत, सुकलेली. त्यांना विचारलं, खरंच? रडायला लागल्या. ही रेघ मी मारली नाही.

४.००. मी ठेवला आहे हात. नाही.

४.०५. नाही.

४.१०. नाही. गरिमा छताकडे बघते आहे. घाबरली नाहीये. घाबर ना गं.

४.१५. देवघरात घट उठवलाय, धान चांगलं उगवलंय. फडकं जिथल्या तिथे. मी हे का लिहिते आहे.

४.२०. नाही.

४.२५. नाही. खिडकीच्या जाळीवर बाहेरून येऊन बसायला लागल्या आहेत. पडदा असून कळतं. उजेड कमी झाला.

४.२८. रिक्षाचा आवाज नाही. जाळी काळी.

४.३०. मला भीती वाटते आहे. आत्ता, पहिल्यांदा. आई गं, खूप भीती वाटते आहे.

आणि आत्ता बघितलं. पोटावर ठेवलेला हात डावा आहे. अर्धा तास मी डाव्या — लिहायला उजवा लागतो म्हणून — हलत असेल, केव्हाचं हलत असेल, मलाच —

पेन ठेवते. उजवा ठेवून बघ